गवत कापायचं यंत्र जास्त का थरथरतं? चला, कारण शोधूया



पावसाळ्यात आपल्या हिंगोली जिल्ह्यात शाळांच्या मैदानावर गवत माजतं. हातानं ढकलत चालवायचं जुनं पेट्रोल यंत्र असेल तर ते बाहेर निघतं. एका सिलिंडरचं इंजिन थोडं थरथरणारच. पण कालपर्यंत ठीक चालणारं यंत्र आज हाताला मुंग्या आणत असेल, तर ते लगेच बंद करा. 'जुनं झालंय, चालायचंच' असं म्हणू नका.

का ते गणितानं बघा. पातं मिनिटाला साधारण ३००० फेरे घेतं. समजा, मध्यापासून २० सेंमीवर एका बाजूला फक्त २० ग्रॅम वजन जास्त आहे. तर त्यामुळे साधारण ३९५ न्यूटन, म्हणजे ४० किलो वजनाएवढा ओढा तयार होतो. तोही दर सेकंदाला ५० वेळा गोल फिरत! अशा हिसक्यांनी बोल्ट सैल होतात. पातं निसटलं तर समोर कोण आहे, हे ते बघत नाही.

हात लावण्याआधी : इंजिन बंद करून गार होऊ द्या. स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवा. विजेचं यंत्र असेल तर पिन सॉकेटमधून काढा. पेट्रोल यंत्र आडवं करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरतं. जाड हातमोजे घाला.

आता क्रमाने तपासा :

१) चिकटलेला गाळ : आपली काळी माती आणि ओलं गवत पात्याला घट्ट चिकटतं. लाकडी काडीनं खरवडून काढा.

२) बोल्ट : पात्याचा मधला बोल्ट, इंजिन बसवलेले बोल्ट आणि दांड्याचे नट पाना लावून बघा.

३) पात्याचा तोल : पातं काढून मधल्या छिद्रातून भिंतीवरच्या आडव्या खिळ्यावर अडकवा. जी बाजू खाली जाते ती जड. त्या बाजूची धार कानशीनं थोडी थोडी घासा, पातं आडवं स्थिर राहीपर्यंत. एकाच बाजूला धार लावली, की हा दोष हमखास येतो. तडा दिसला तर पातं बदलाच.

४) वाकडेपणा : पातं सपाट फरशीवर ठेवून दोन्ही टोकांची उंची मोजा. वाकलं असेल तर ठोकून सरळ करू नका, नवं घ्या.

५) शाफ्ट : सरळ पातं परत बसवा. यंत्राच्या कडेच्या एकाच जागेपासून आधी एका टोकाचं अंतर मोजा. मग पातं हातानं अर्धा फेरा फिरवून दुसऱ्या टोकाचं मोजा. अंतरात फरक आला तर बहुतेक शाफ्ट वाकलेला आहे. गवतात लपलेल्या दगडावर पातं आपटलं की असं होतं. हे काम मेकॅनिकचं.

हेच वर्गात भोवऱ्यावर दाखवता येतं. भोवऱ्याच्या एका बाजूला ओली माती चिकटवा, म्हणजे तोल बिघडलेलं पातं. आर वाकडी असलेला भोवरा, म्हणजे वाकलेला शाफ्ट. दोन्ही डुगडुगतात, पण कारण वेगळं. ज्यांच्या घरी कडबाकुट्टी आहे, त्या मुलांना हे पटकन कळेल.

आणि शेवटचं : गवत कापण्याआधी मैदानातले दगड वेचा, आणि मुलं मैदानात असताना यंत्र सुरूच करू नका.