अम्ल-क्षारक संतुलन, शरीरातील

रक्त व ऊतकद्रव यांतील हायड्रोजन आयनांचे (विद्युत् भारित अणूंचे) प्रमाण ठराविक मर्यादेत राखण्याच्या शरीरक्रियेस ‘अम्ल-क्षारक संतुलन’ म्हणतात. निरोगी माणसाच्या रोहिणीतील रक्ताचे पीएच मूल्य ७·३५ ते ७·४५, म्हणजे किंचित क्षारीय असते. ते ६·८ च्या खाली किंवा ७·८ च्या वर गेल्यास सामान्यतः जीवित राहणे शक्य नसते; कारण एंझाइमांचे कार्य, हृदयाचे आकुंचन व तंत्रिकांचे संवेदनवहन ही सर्व या मूल्यावर अवलंबून असतात.

चयापचयात अम्ले सतत निर्माण होतात. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात दररोज सु. १५,००० मिलिमोल कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो व तो फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. प्रथिनांच्या अपघटनातून होणारी सल्फ्यूरिकादी अम्ले मात्र वायुरूप होत नाहीत. त्यांचे दैनिक प्रमाण ५० ते १०० मिलिमोल असून ती वृक्कांनाच उत्सर्जित करावी लागतात.

नियंत्रण यंत्रणा : संतुलन तीन पातळ्यांवर राखले जाते. (१) बफर प्रणाली पीएच मूल्यातील बदलास तत्काळ विरोध करतात. रक्तद्रवात बायकार्बोनेट व कार्बॉनिक अम्ल यांची जोडी महत्त्वाची असून त्यांचे प्रमाण सु. २० : १ असते. या जोडीतील परस्परसंबंध लॉरेन्स जोसेफ हेंडरसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये समीकरणाने मांडला. हीमोग्लोबिन, रक्तद्रवातील प्रथिने व फॉस्फेटे यांचेही साहाय्य होते. (२) अम्लता वाढताच लंबमज्जेतील श्वसन केंद्र उद्दीपित होऊन श्वसन वाढते व काही मिनिटांत जादा कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकला जातो. (३) वृक्के गाळलेले बायकार्बोनेट पुन्हा शोषून घेतात आणि हायड्रोजन आयन फॉस्फेट व अमोनियम यांच्या रूपाने मूत्रात सोडतात. ही क्रिया पूर्णत्वास जाण्यास काही दिवस लागतात.

विकार : पीएच मूल्य घटविणाऱ्या विकृतीस अम्लरक्तता व वाढविणाऱ्या विकृतीस क्षाररक्तता म्हणतात. बायकार्बोनेट कमी झाल्यास चयापचयजन्य, तर कार्बन डाय-ऑक्साइड साचल्यास श्वसनजन्य अम्लरक्तता होते. पहिलीची कारणे अनियंत्रित मधुमेह, वृक्कनिष्फलता व तीव्र अतिसार ही होत. सतत वांत्या झाल्यास जठरातील हायड्रोक्लोरिक अम्ल नष्ट होऊन चयापचयजन्य क्षाररक्तता, तर अतिश्वसनामुळे श्वसनजन्य क्षाररक्तता उद्‌भवते. अम्लरक्ततेत दिसणाऱ्या खोल व जलद श्वसनाचे वर्णन आडोल्फ कुसमाउल या जर्मन वैद्यांनी १८७४ मध्ये मधुमेही रुग्णांच्या संदर्भात केले.

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशी जिल्ह्यांत हे विकार अनेक परिचित रोगांच्या ओघात येतात. नागभीडसारख्या भातशेतीच्या व जंगलालगतच्या भागात मण्याराचा दंश हे एक कारण होय. हा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास होतो व वेदना अत्यल्प असल्याने दुर्लक्षित राहतो. विषामुळे श्वसनाचे स्नायू लुळे पडतात, कार्बन डाय-ऑक्साइड साचतो व रक्त अम्लधर्मी होते. अशा वेळी प्रतिविषाइतकेच कृत्रिम श्वसनही निर्णायक ठरते. फाल्सिपेरम हिवतापात परजीवीयुक्त तांबड्या कोशिका केशवाहिन्यांत अडकून ऊतकांना ऑक्सिजन कमी मिळतो व लॅक्टिक अम्ल साचते; बालकाचे खोल, कष्टप्रद श्वसन हे त्याचे गंभीर चिन्ह असते. पूर्व विदर्भात आढळणाऱ्या दात्रकोशिका पांडुरोगात अम्लतेमुळे हीमोग्लोबिनाचा ऑक्सिजन अधिक सुटतो, कोशिका विळ्याच्या आकाराच्या होतात व वेदनांचा झटका येऊ शकतो.

उपचार : मूळ कारण दूर करणे हे उपचाराचे मुख्य तत्त्व होय. मधुमेहात इन्शुलीन व द्रव, तर श्वसनबंदीत हवेचा मार्ग मोकळा करून कृत्रिम श्वसन देतात. सोडियम बायकार्बोनेट सरसकट देणे हितावह नसते. अतिसारात जलसंजीवनी उपयुक्त ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात दर लिटरला २·९ ग्रॅ. ट्रायसोडियम सायट्रेट असते. त्याचे शरीरात बायकार्बोनेटात रूपांतर होऊन मलावाटे झालेली हानी भरून निघते. रक्तवायूंचे मापन उपलब्ध नसलेल्या गावीही श्वसनाची गती व खोली पाहता येते. तिच्यात असाधारण बदल दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात हलविणे आवश्यक असते.