आधीच्या घरमालकांचा नंबर

कोथरूडचा आमचा वन बीएचके पहिल्यांदा भाड्याने दिला तो एजंट "माणूस चांगला आहे हो" म्हणाला म्हणून. पाचव्या महिन्यापासून भाडं थकलं. करार नुसता नोटरी केलेला. विचारायला गेले तर भाडेकरू म्हणे, आपलं तर १२ हजारच ठरलं होतं! ठरलं होतं १५. तेव्हा वकिलांकडून कळलं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदवलेला लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरतात. खोटं पाडायचं काम आपलं. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा आपल्याकडचा जुना गैरसमज.

आता मी घाई करत नाही. पगाराच्या तीन स्लिपा बघते. भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसलं पाहिजे. आधारची झेरॉक्स कुणीही देतं, पण ऑनलाइन नोंदणीत बोटाचा ठसा आधारशी जुळावा लागतो, म्हणून मी चावी त्यानंतरच देते. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही ऑनलाइनच भरते.

पण खरी माहिती मिळते ती फोनवर. सध्याच्या घरमालकाला भाडेकरू नकोसा झाला असेल, तर तो तोंडभरून कौतुक करील. म्हणून मी त्याच्याही आधीच्या मालकाचा नंबर मागते आणि एकच विचारते: डिपॉझिटमधून किती कापलंत?

गेल्या जूनमध्ये लातूरची एक मुलगी आली, हॉस्पिटलात नर्स. नाइट ड्युटी करून थेट आलेली, डोळे लाल. एजंटने फोनवर आधी तिचं आडनाव सांगितलं, मग "नॉनव्हेज खातात, चालेल ना?" याचा मला मनापासून संताप येतो. जात आणि ताट बघून घर नाकारणं हा अन्याय आहे, आणि त्याला चौकशी म्हणणं तर त्याहून वाईट. मी त्याला म्हटलं, तिच्या हडपसरच्या जुन्या मालकीणबाईंचा नंबर दे.

त्या म्हणाल्या, "एक रुपया कापला नाही. जाताना ओटा घासून, नळाचा वॉशर बदलून गेली पोरगी."

मी हो म्हटलं. पोरीने मात्र मान डोलावली नाही. "काकू, तुमचे आधीचे भाडेकरू कुठे असतात? त्यांना डिपॉझिट किती दिवसांत मिळालं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी नंबर दिला. माझ्यासमोरच सोफ्यावर बसून तिने फोन लावला, आणि तो उचलेपर्यंत मी पदराशी चाळा करत बसले.