वकिलाची पाटी आणि वकिलाची पारख

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. उपदेश मोलाचा खरा. परंतु उधारीवर माल देणाऱ्या व्यापाऱ्यास तो जन्मभर पाळता येईलच असे नाही. प्रसंग आला की पहिला प्रश्न उभा राहतो, तो वकील कोणता करावा हा. हातावर नमुना घेऊन दाण्याची प्रत सांगणारे आपण, वकिलाच्या बाबतीत मात्र कोणाच्या तरी शब्दावर विसंबून राहतो.

अमेरिकेतील काही राज्यांत या कामी पक्षकारास एक आधार आहे. टेक्सासमध्ये १९७४ साली, वकिलांचे एखाद्या विषयातील विशेष प्रावीण्य तपासणारे मंडळ स्थापन झाले. किमान पाच वर्षांची वकिली, त्या विषयातील प्रत्यक्ष कामाचा भरपूर अनुभव, इतर वकील व न्यायाधीश यांचे अनुकूल मत आणि लेखी परीक्षा, इतक्या कसोट्यांस उतरल्यावर मंडळाचे प्रमाणपत्र मिळते. तेही कायमचे नव्हे. दर पाच वर्षांनी नवे करून घ्यावे लागते. प्रमाणपत्रावाचूनही तेथे वकिली करता येते, आणि ते असले म्हणून दावा जिंकलाच असेही नाही. पोत्यावरील अ‍ॅगमार्कच्या शिक्क्यासारखेच ते आहे. त्रयस्थाने माल तपासला आहे एवढी ग्वाही त्यातून मिळते. सौदा आपला आपणच ठरवावयाचा असतो.

आपल्या देशात विषयवार प्रमाणपत्राची अशी व्यवस्था नाही. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्याने वकिलांचे दोनच वर्ग केले आहेत, सीनियर आणि इतर. सीनियर हा मान सर्वोच्च किंवा उच्च न्यायालय देते. असा वकील पक्षकाराकडून थेट काम घेत नाही व वकीलपत्रही दाखल करीत नाही. 'अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड' ही सर्वोच्च न्यायालयाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची पदवी असून, तेथे कागदपत्रे दाखल करण्यापुरता तिचा उपयोग. सनदेबरोबर आता अखिल भारतीय परीक्षाही द्यावी लागते, परंतु ती सर्वसाधारण ज्ञानाची. अमुक एका विषयात आपण निष्णात आहो असे पाटीवर लिहिण्यास तर बार कौन्सिलच्या नियमांची मनाईच आहे. २००८ पासून संकेतस्थळावर कामाचे विषय देण्याची मुभा मिळाली; परंतु ते वकिलाचे स्वतःचे निवेदन, त्याची तपासणी कोणी केलेली नसते.

यातून नुकसान कसे होते पाहा. बेळगावच्या बाजारातील आमच्या एका स्नेह्यांचा धनादेश न वटता परत आला. त्यांनी प्रकरण ज्या वकिलाकडे दिले, त्यांचा लौकिक जमिनीच्या दाव्यांत मोठा होता. बँकेची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत नोटीस जावयास हवी होती. ती त्यानंतर गेली. धनादेशाची तीन महिन्यांची मुदतही तोवर संपल्याने तो पुन्हा बँकेत भरता येईना. फौजदारी मार्ग बंद झाला आणि दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता तेवढा हाती उरला. वकील अप्रामाणिक नव्हते. काम त्यांच्या विषयाचे नव्हते, इतकेच.

यास्तव व्यापारी बंधूंनी वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी काही गोष्टी निःसंकोचपणे विचाराव्यात. आपल्यासारखी किती प्रकरणे गेल्या पाच वर्षांत चालविली? कोणत्या न्यायालयात? तारखेस स्वतः उभे राहणार की सहकारी? या कामास मुदत कोणती? तीन लाख रुपये वा त्यावरील व्यापारी वादात तातडीचा हुकूम मागावयाचा नसेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न करणे २०१८ पासून सक्तीचे आहे. व्यापारी दावे चालविणाऱ्यास हे ठाऊक असलेच पाहिजे. फी लेखी ठरवावी. वसुलीत वाटा मागणे वकिलास नियमाने वर्ज्य आहे, हेही ध्यानात असावे. सनदेचा क्रमांक घेऊन आपल्या राज्याच्या बार कौन्सिलकडे खात्री करून घेण्यात कोणाचाही अपमान नाही.

जाणता वकील अशा प्रश्नांनी रागावत नाही. ज्यास नमुना दाखविण्याचाच कंटाळा, त्याचा माल आपण गुदामात उतरवून घेत नाही. तोच रिवाज येथेही पाळावा.