रबाळ्याच्या कातळात डायनासोर का सापडत नाहीत?

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या रबाळ्याच्या पूर्वेला पारसिकची डोंगररांग आहे आणि दगडखाणींनी तिचा काळा कातळ अनेक ठिकाणी उभा कापला आहे. हा कातळ बेसॉल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा. दख्खनच्या लाव्हाचा सर्वात मोठा लोंढा वाहिला तो साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आणि डायनासोरांचा शेवटही त्याच सुमाराचा. मग त्यांच्या काळाला इतका जवळचा दगड पायाखाली असताना त्यांचे एकही हाड इथे का मिळत नाही? ‘लाव्हात सगळे जळून गेले’ हे नेहमीचे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. एखाद्या ठिकाणी जीवाश्म सापडतो की नाही हे, तिथे प्राणी होता का, यापेक्षा त्याचे अवशेष जपणारा दगड तिथे तयार झाला का आणि तो आज आपल्या हाताला लागतो का, यावर ठरते. महाराष्ट्राच्या दोन टोकांची तुलना केली की हे स्पष्ट होते.

हाड टिकायचे तर ते कुजण्याआधी गाळाखाली गाडले जावे लागते. नदीचा पूर, तळ्याचा तळ, खाडीचा चिखल अशा जागी हे घडते; मग गाळातून झिरपणाऱ्या पाण्यातली खनिजे हाडाच्या छिद्रांत साठत जातात आणि त्याचा दगड होतो. हजार अंशांहून अधिक तापलेला लाव्हा यातले काहीच करत नाही. म्हणून खाणीतल्या ताज्या फुटलेल्या दगडात पांढरे, चकाकणारे, गोल-लांबट ठिपके दिसले तरी ती हाडे नव्हेत. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत नंतर झिओलाइट किंवा गारगोटीची खनिजे भरली. माळावर मिळणारे वाटोळे धोंडेही अंडी नसतात. बेसॉल्टला भेगा पडतात, त्यांतून पाणी शिरते, कडा झिजतात आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटत जाऊन आत गोळा उरतो. खऱ्या अंड्याला सूक्ष्म छिद्रांचे कवच असते. भिंगाखाली ते ओळखता येते.

आता चंद्रपूर जिल्हा पाहू. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याच्या शिवारात लाव्हा नाही, तर लॅमेटा नावाने ओळखली जाणारी, नद्या-तळ्यांच्या गाळाची लालसर माती उघडी आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच इथले जीवाश्म गोळा केले होते. या शिवारात हाडांबरोबर विष्ठेचे दगड झालेले गोळेही मिळतात. २००५ साली वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी अशा गोळ्यांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवले. डायनासोरांच्या काळात गवत नव्हतेच, हा तोवरचा समज त्यामुळे ढळला. पुढे २०११ मध्ये याच गावच्या नमुन्यांत भाताच्या गोतावळ्यातल्या गवताचे कणही ओळखले गेले. त्याच जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीतून लांब मानेच्या एका शाकाहारी डायनासोराचा सांगाडा निघाला. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे त्याला मिळालेले ‘इसिसॉरस’ हे नाव भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आले आहे. पूर्व विदर्भात लाव्हाचा थर पातळ, कडेकडेने झिजून गेलेला, म्हणून त्याखालचा गाळ वर आला आहे.

यावर रास्त आक्षेप असा की, डायनासोर विदर्भातच राहत असतील, कोकणात नसतीलच. पण त्यासाठी कोकणातला त्या काळचा गाळ तपासून तो रिकामा निघायला हवा, आणि तिथपर्यंत आपण पोहोचलेलोच नाही. सह्याद्रीत लाव्हाचे थर एकावर एक मोजत गेले तर जाडी सुमारे तीन किलोमीटर भरते. शिवाय पनवेलच्या आसपास हे थर पश्चिमेकडे कलले आहेत. भूशास्त्रज्ञ याला पनवेल वळी म्हणतात. त्यामुळे समुद्राकडे जावे तसा लाव्हाचा तळ आणखी खोल जातो. त्याखाली गाळ असेलच असेही नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत घेतलेल्या विंधनछिद्रात ३३८ मीटर लाव्हा, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळ आणि मग ग्रॅनाइटचा पाया लागला. कोयना परिसरातल्या खोल विंधनछिद्रात मात्र ९०० मीटरहून जास्त लाव्हा संपताच थेट पाया लागला, मध्ये गाळ नाहीच. म्हणजे लाव्हा येण्यापूर्वीची जमीन कुठे गाळ साठवणारी होती, कुठे झिजणारी. झिजणाऱ्या जमिनीवर प्राणी कितीही फिरले असले तरी त्यांचा पुरावा उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. लाव्हाचे दोन लोंढे यायच्या मधल्या काळात तळी साचत, त्यांत गाळ बसे; मुंबईत अशा थरांतून बेडूक आणि कासवाचे जीवाश्म मिळालेच आहेत. वरळीच्या इवल्या बेडकांचे वर्णन १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी केले, ज्यांनी पाच वर्षे आधी ‘डायनासोर’ हे नाव घडवले होते. मग बेडूक टिकला, तर डायनासोर का नाही? उत्तर काळात आहे. थर पश्चिमेला कललेले असल्याने घाटाकडून मुंबईकडे येताना आपण जुन्याकडून नव्या थरांवर येतो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे वय सुमारे ६ कोटी वर्षे भरते, आणि मुंबईच्या गाळातले परागकणही डायनासोर नाहीसे झाल्यानंतरचा काळ सांगतात. ते बेडूक डायनासोरांचे शेजारी नव्हते. उलट कच्छमधल्या अंजारला लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात डायनासोरांची हाडे आणि अंड्यांच्या कवचाचे तुकडे मिळाले आहेत. लाव्हा सुरू झाल्यावरही ते तग धरून होते, हे त्यावरून दिसते. म्हणजे थर योग्य काळातला असेल तर लाव्हाच्या प्रदेशातही त्यांचा माग लागू शकतो.

रबाळ्याच्या परिसरात शोधायचे ते हेच: दोन काळ्या थरांमधला हातभर जाडीचा गाळ. तांबडा पट्टा दिसला तर ती बहुधा मधल्या काळात झिजलेली जुनी जमीन, तिच्यात जीवाश्माची आशा कमी. राखाडी, हिरवट, पापुद्र्यांचा मऊ दगड दिसला तर तो तळ्याचा गाळ असू शकतो, आणि त्याची पारख व्हायलाच हवी. आज याच पट्ट्यात ऐरोली-काटई रस्त्याचे बोगदे पारसिकमधून गेले आहेत. घणसोलीजवळून बुलेट ट्रेनच्या २१ किलोमीटरच्या बोगद्याचे काम सुरू आहे, त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखाली. एरवी विज्ञानाला परवडणार नाही इतका खोल छेद इथे आयता मिळतो आहे. बोगद्याच्या कामासाठी काढलेले दगडाचे गाभे कंत्राट संपल्यावर भरावात जाऊ नयेत. विद्यापीठांच्या भूशास्त्र विभागांना ते पाहता यावेत आणि गाळाचा प्रत्येक पट्टा नोंदला जावा. त्यातून डायनासोर निघेल असे वचन कुणी देऊ शकत नाही. पण एखादे शिंपले, एक परागकण किंवा माशाचे एक खवलेही त्या थराचे वय सांगू शकते. आणि वय कळल्याशिवाय ‘इथे डायनासोर नव्हते’ हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार आपल्याला नाही.