स्टुडिओवाचून निघालेली दुसरी ध्वनिफीत

ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर या पट्ट्यात गाण्याची हौस नाही असे घर शोधूनच काढावे लागेल. वामनदादा कर्डकांची गाणी इथल्या वस्त्यांना तोंडपाठ आहेत. प्रल्हाद शिंदे यांच्यासारखा बुलंद आवाजाचा गायक कल्याणात राहिला. ढोलकी, पेटी आणि बेंजो घेऊन रात्र जागवणाऱ्या गायन पार्ट्यांच्या या मुलखात आता आपली मुले गिटार आणि ड्रमही वाजवू लागली आहेत. ‘हा कसला धांगडधिंगा?’ म्हणून वडीलधारी माणसे नाराज होतात. तरीही मुले चिकाटीने एखादा अल्बम काढतात, शेजारीपाजारी कौतुक करतात, आणि मग गाडी अडते ती दुसऱ्या अल्बमवर.

असे का होते? पहिल्या अल्बममध्ये अनेक वर्षांचे साठवलेले असते. दुसऱ्या वेळी गाठोडे रिकामे आणि लोकांची अपेक्षा मात्र वाढलेली. मग कोणी पहिल्याचीच नक्कल करतो, तर कोणी घरात एकाचाच पगार असताना कर्ज काढून महागडा स्टुडिओ गाठतो. अशा मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडची हकीकत जाणून घ्यावी, असे आम्हाला वाटते.

सुस्मित सेन गिटार वाजवत आणि असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गात. १९९० साली या दोघांच्या पुढाकाराने बँड उभा राहिला. त्याचे नाव सुस्मितच्या वडिलांनी सुचवले. पुढे बास गिटारवर राहुल राम आला. हा अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठाचा पीएच.डी.; पण नोकरीच्या मागे न लागता त्याने काही काळ नर्मदा बचाव आंदोलनात काम केले. पहिला अल्बम एच.एम.व्ही.ने १९९३ साली काढला. १९९४ मध्ये ड्रमवर अमित किलाम आला आणि चौकडी पूर्ण झाली. दुसरा अल्बम यायला मात्र चार वर्षे लागली. मधल्या काळात ही मंडळी लोकांपुढे वाजवत राहिली.

एक जानेवारी म्हटले की आपल्याला भीमा कोरेगाव आठवते. दिल्लीच्या कलावंतांना याच तारखेला सफदर हाश्मी आठवतो. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळच्या झंडापूर येथे कामगारांपुढे ‘हल्ला बोल’ हे पथनाट्य चालू असताना गुंडांनी हल्ला केला. राम बहादूर नावाचा कामगार ठार झाला आणि दुसऱ्या दिवशी चौतीस वर्षांच्या सफदरनेही प्राण सोडला. ४ जानेवारीला त्याची पत्नी मलयश्री साथीदारांसह त्याच जागी परतली आणि अर्धवट राहिलेले नाटक पूर्ण केले. सफदरच्या स्मृतीसाठी कलावंतांनी ‘सहमत’ ही संस्था स्थापन केली.

‘सहमत’च्या १ जानेवारी १९९७ च्या कार्यक्रमात ‘इंडियन ओशन’ने जे वाजवले, त्याचेच ध्वनिमुद्रण ‘डेझर्ट रेन’ या नावाने त्यांचा दुसरा अल्बम झाले. स्टुडिओत प्रत्येक वाद्य वेगवेगळे मुद्रित करता येते, चुकले तर पुन्हा वाजवता येते. मंचावर ही सोय नाही. चौघांचा श्वास एक असेल तरच असा अल्बम निघतो, आणि त्यासाठी तालमीला पर्याय नाही.

या संगीतात नवे काय होते? रॉक म्हणजे इंग्रजी गाण्यांची नक्कल, ही समजूत त्यांनी खोटी ठरवली. ड्रमशेजारी तबला बसला. गिटारमधून आपल्या रागदारीची वळणे निघाली. पुष्कळ ठिकाणी गाण्याला शब्दच नाहीत, नुसता आलाप आणि बोल. तरीही रचना लांबली म्हणून कंटाळा येत नाही. अमित किलाम गबगुबी नावाचे लोकवाद्यही वाजवतो. त्याचा आवाज ऐकून आपल्याकडच्या जोगत्यांच्या चौंडक्याची आठवण होते. म्हणजे नवेपण परदेशातून मागवावे लागले नाही, ते जवळच होते.

पुढे २००० साली ‘कंदिसा’ आला आणि बँडचे नाव देशभर झाले. २००९ मध्ये असीम चक्रवर्ती गेले, २०१३ मध्ये सुस्मित सेन बाहेर पडले. पण नव्या साथीदारांसह बँड वाजवतोच आहे.

तरुण मित्रांनो, आपल्या गायन पार्ट्यांची रीत तरी वेगळी कुठे होती? गाणे आधी लोकांपुढे व्हायचे, वस्तीने ‘वन्स मोअर’ दिला की ते पक्के व्हायचे, कॅसेट नंतर. म्हणून कर्जाची घाई करू नका. नवे गाणे आधी दहा ठिकाणी वाजवा. प्रत्येक कार्यक्रम मुद्रित करा. आज हातातल्या मोबाइलवरही ते होते. घरी सगळ्यांनी मिळून ऐका आणि ताल कुठे सुटला, शब्द कुठे बुडाले ते वहीत लिहा. गाणे पिकले की एखादा जाणता ध्वनिव्यवस्थापक गाठून सबंध कार्यक्रमच नीट मुद्रित करून घ्या. ढोलकी आणि चौंडके घरी पडून असतील तर गिटारशेजारी आणून बसवा.

आणि आईवडिलांनो, मुलांच्या तालमीला एक दिवस तरी जाऊन बसा. ढोलकीचा ठेका कुठे चुकतो, हे तुमच्याइतके त्यांना दुसरे कोण सांगणार?