ओ पेअर, आया आणि ‘घरातलीच एक’

ओ पेअर आणि घरात राहून मुले सांभाळणारी आया या दोघींचे दिवसभराचे काम दुरून सारखेच दिसते. कायदा मात्र त्यांच्याकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतो. ओ पेअर म्हणजे दुसऱ्या देशाची भाषा आणि राहणी शिकायला आलेली तरुणी, क्वचित तरुण. ती यजमान कुटुंबात साधारण वर्षभर राहते, ठरावीक तास मुलांना सांभाळते आणि बदल्यात तिला खोली, जेवण व हातखर्च मिळतो. युरोपात या व्यवस्थेची चौकट युरोप परिषदेच्या १९६९ च्या स्ट्रासबर्ग कराराने आखली; अमेरिकेत ती १९८६ पासून आहे. आया ही मात्र सरळसरळ कामगार. मोबदल्याबाबतचे बहुतेक गैरसमज या दोन चौकटींची सरमिसळ झाल्याने होतात, आणि सरमिसळ करताना पैसे देणारा दोन्हींतले स्वस्त तेवढे उचलतो.

कमी पैशात मिळणारी पूर्णवेळ आया म्हणजे ओ पेअर, हा सर्वांत पसरलेला समज. जर्मनीच्या नियमांपुढे तो टिकत नाही. तिथे ओ पेअरचे काम दिवसाला ६ आणि आठवड्याला ३० तासांपुढे नेता येत नाही. आईवडील बाहेर गेल्यावर मुलांसोबत नुसते घरी थांबणेही याच ३० तासांत धरले जाते. मुलांना भरवणे, शाळेत पोहोचवणे, हलकी आवराआवर ही तिची कामे. घरातल्या आजारी वृद्धांची शुश्रूषा तिच्यावर टाकता येत नाही. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी, ती महिन्यातून एकदा तरी रविवारी, चार संध्याकाळी मोकळ्या, वर्षाला चार आठवडे रजा आणि स्वतःची खोली हे तिचे हक्क आहेत. महिन्याला २८० युरो हातखर्च आणि जर्मन भाषेच्या वर्गासाठी ७० युरो यजमानांनी द्यायचे, विम्याचा हप्ताही त्यांनीच भरायचा. २८० युरो हा पगार म्हटला तर ती चेष्टाच होईल. पण तो पगार नाही. म्हणूनच त्याला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही आणि म्हणूनच तासांची मर्यादा इतकी कडक आहे. तासांचा नियम मोडायचा आणि हातखर्चाचा तेवढा पाळायचा, असा सौदा या चौकटीत बसत नाही.

पुण्यात जर्मन शिकणारे पुष्कळ आहेत आणि ओ पेअरसाठी भाषेची अट ए-१ पातळीची, म्हणजे अगदी प्राथमिक. त्यामुळे जर्मनीला जाण्याची ही सोपी वाट आहे असे काहींना वाटते. व्हिसाचा अर्ज करताना वय २७ च्या आत असावे लागते आणि मुक्काम जास्तीत जास्त एक वर्षाचा. पुढे शिक्षण किंवा नोकरी करायची तर त्याची परवानगी वेगळी, तिच्या अटीही वेगळ्या. जर्मनीतल्या एखाद्या मराठी कुटुंबाकडे राहता येईल, ही आशाही फोल ठरते. घरात जर्मन बोलली जात असली पण ती मातृभाषा नसली, तर ओ पेअर त्या आईवडिलांच्या मूळ देशातली असून चालत नाही. ओळखीतली किंवा नात्यातली मुलगी ‘ओ पेअर’ म्हणून बोलावून घेण्याची वाट यामुळे बंद होते.

अमेरिकेत तास जास्त आहेत: दिवसाला १० आणि आठवड्याला ४५. आठवड्याचे १९५.७५ डॉलर ही तिथली केंद्रीय किमान रक्कम. तिचा हिशेब सरळ आहे. तासाला ७.२५ डॉलर या किमान वेतनाने ४५ तासांचे ३२६.२५ डॉलर होतात. त्यातून खोली आणि जेवणापोटी ४० टक्के वजा केले की हा आकडा उरतो. किमान वेतनाचा दर २००९ पासून हललेला नाही, म्हणून हा आकडाही तिथेच आहे. याशिवाय दोन आठवडे भरपगारी सुटी आणि अभ्यासक्रमासाठी ५०० डॉलरपर्यंत खर्च यजमानांनी द्यायचा असतो. ओ पेअर आणून देणाऱ्या एजन्सीला भरलेले काही हजार डॉलर हाही तिच्यावरचाच खर्च, असे यजमान धरून चालतात. त्यातला एकही डॉलर हातखर्च म्हणून तिच्या हाती पडत नाही.

‘सरकारने ठरवलेली रक्कम आहे, जास्त देण्याचा प्रश्नच नाही’ हे वाक्य मात्र चुकीचे आहे. रक्कम किमान आहे, कमाल नाही. नेमक्या याच मुद्द्यावर काही ओ पेअरनी २०१४ मध्ये कोलोरॅडोत खटला भरला. एजन्सींनी संगनमताने किमान रक्कम हाच सर्वांचा दर करून टाकला, असा त्यांचा आरोप होता. एजन्सींनी तो मान्य केला नाही, तरी २०१९ मध्ये १५ एजन्सींनी मिळून ६ कोटी ५५ लाख डॉलर देण्याची तडजोड केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्या एका खटल्यात केंद्रीय अपील न्यायालयाने निकाल दिला की मॅसॅच्युसेट्स राज्याचा वेतन कायदा ओ पेअरलाही लागू होतो. त्या राज्यात आज तासाला किमान १५ डॉलर आहेत आणि ४० तासांपुढे दीडपट. म्हणजे ४५ तासांचे, खोलीची मर्यादित वजावट होण्यापूर्वी, ७१२.५० डॉलर. एकच काम, एकच व्हिसा, आणि दोन राज्यांत तिपटीहून जास्त फरक.

घरात राहणाऱ्या आयेबाबतचे समज याच्या उलट दिशेने जातात: ती कामगार असून तिला पाहुणी ठरवले जाते. ‘आमच्याकडे ती घरातलीच एक आहे’ हे वाक्य मुंबई-पुण्यातही चोवीस तासांच्या बाईबद्दल प्रेमाने बोलले जाते. ब्रिटनमध्ये तर तो कायदाच होता. घरात राहणाऱ्या कामगाराला कुटुंबातल्यासारखे वागवले, तर किमान वेतन देण्याची गरज नव्हती. एका भारतीय घरकामगार महिलेच्या दाव्यात २०२० मध्ये तिथल्या रोजगार न्यायाधिकरणाने ही सवलत स्त्रियांबाबत अप्रत्यक्ष भेदभाव करणारी ठरवली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती रद्द झाली. आपुलकी खरी असेल तर ती पगारासोबत राहू शकते. पगाराऐवजी ती चालत नाही, एवढाच या बदलाचा अर्थ.

रात्रीचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. मूल झोपले की आया मोकळी, असे मानले जाते. अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार झोपेचे तास दोघांच्या संमतीने कामातून वगळता येतात, पण मूल रडले आणि ती उठली, तर तेवढा वेळ कामाचा. घरात राहणाऱ्या कामगाराला ओव्हरटाइम न देण्याची मुभा केंद्रीय कायद्यात आजही आहे. न्यूयॉर्कने मात्र २०१० च्या कायद्याने ४४ तासांपुढे दीडपट दर सक्तीचा केला. खोलीभाडे पगारातून कापण्यावरही बंधने आहेत, आणि ती रास्तच आहेत: रात्री हाकेसरशी बाई उठावी म्हणून खोली दिली असेल, तर तिचा पहिला लाभ मालकालाच होतो.

परदेशी जाताना घरची बाई सोबत नेणाऱ्या कुटुंबांत एक खास समज असतो, की पगार भारतात ठरला म्हणजे तो भारतातल्या दराने द्यायचा. अमेरिकेत नोकरीसाठी एच-१बी किंवा एल-१ व्हिसावर जाणाऱ्या कुटुंबाला घरकामगार बी-१ व्हिसावर नेता येतो, पण करारात अमेरिकेतले किमान किंवा प्रचलित वेतन, यांपैकी जे जास्त असेल ते लिहावे लागते. शिवाय राहणे-जेवण मोफत. न्यूयॉर्कमधील भारताच्या तत्कालीन उपमहावाणिज्यदूतांना डिसेंबर २०१३ मध्ये अटक झाली, ती याच फरकावरून. व्हिसाच्या कागदांत तासाला ९.७५ डॉलर दाखवून प्रत्यक्षात महिना ३०,००० रुपयांचा वेगळा करार केल्याचा आरोप होता. त्यांनी तो नाकारला. राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर मार्च २०१४ मध्ये आरोपपत्र रद्द झाले आणि दोनच दिवसांत नवे दाखल झाले.

‘हरवू नये म्हणून’ पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे हा काळजीचा प्रकार समजला जातो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०११ च्या १८९ क्रमांकाच्या करारानुसार प्रवासाची व ओळखीची कागदपत्रे स्वतःजवळ ठेवणे हा घरकामगाराचा हक्क आहे, आणि सुटीच्या वेळी तिला घरात थांबण्याची सक्ती करता येत नाही. जर्मनीने हा करार स्वीकारला आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण अमेरिकेप्रमाणेच अजून मंजुरी दिलेली नाही. तरीही सक्तीने राबवून घेण्यासाठी पासपोर्ट अडकवून ठेवणे हा अमेरिकेत केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. यजमान कुटुंबाशी पटले नाही तर ओ पेअरला लगेच मायदेशी परतावे लागते, हेही खरे नाही. अमेरिकेत एजन्सीमार्फत दुसरे कुटुंब शोधता येते. जर्मनीत करार नोटीस देऊन संपवता येतो आणि वर्षातले उरलेले महिने दुसऱ्या घरी काढता येतात.