बॉनेटखालची गोधडी

मार्च उजाडला, नाशिकचे ऊन डोक्यावर येऊ लागले की गाडीवाल्यांच्या गप्पांत एक सल्ला हमखास ऐकू येतो. बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेला तो काळा पॅड काढून टाका, इंजिन मोकळा श्वास घेईल, गाडी तापणार नाही. दुसरा लगेच म्हणतो, छे, कंपनीने काही वेडेपणा म्हणून तो लावलेला नाही, हात लावू नका. गॅरेजमधली जुनी मंडळी या पॅडला ‘नमदा’ म्हणतात. काही गाड्यांना तो असतो, काहींना नसतो. एकाच मॉडेलच्या महागड्या गाडीत असतो आणि स्वस्त गाडीत नसतो, असेही दिसते. मग त्याचे काम नेमके काय, आणि तो ठेवावा की काढावा?

कविता लिहिणाऱ्या माणसाने या भानगडीत का पडावे, असे कुणी विचारील. त्याला दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे मी नाशिककर आहे. २००० साली आलेली बोलेरो आणि २००२ साली आलेली स्कॉर्पिओ यांची नाळ सातपूरच्या कारखान्याशी जोडलेली आहे. इथे प्रत्येक गल्लीत कुणी ना कुणी पाना-पक्कड धरणारा आहे. दुसरे कारण घरचे. माझा भाचा जुनी डिझेल जीप चालवतो. भल्या पहाटे भाजीपाला, दिवसा घोटी-इगतपुरीकडचे प्रवासी. त्या जीपवर बँकेचे हप्ते आहेत आणि बहिणीची चूलही त्याच जीपवर पेटते. त्याने गेल्या उन्हाळ्यात विचारले, “मामू, पॅड काढू का?” त्याचे उत्तर शोधता शोधता जे समजले, ते सांगतो.

आमच्या घराण्यात पिंजाऱ्याचा धंदा होता. धनुकलीच्या तातीवर कापूस पिंजला की मूठभर कापसाची टोपलीभर रास होते. वजन तेवढेच, मग वाढले काय? वाढली ती हवा. तंतूंच्या जाळ्यात अडकलेली हवा हलत नाही, आणि न हलणारी हवा उष्णता सहजासहजी पलीकडे जाऊ देत नाही. रजईत ऊब असते ती कापसाची कमी आणि कोंडलेल्या हवेची जास्त. गादी दबून कडक झाली की ऊब जाते, कारण हवा गेलेली असते. बॉनेटखालचा पॅड हीच करामत करतो. कापसाच्या जागी काचतंतू, कृत्रिम धाग्यांचा नमदा किंवा फोम असतो. काही पॅडना इंजिनाच्या बाजूने चंदेरी पत्राही असतो. तो इंजिनाकडून येणारी धग आरशासारखी परत फिरवतो.

मात्र पॅडचे मुख्य काम आवाजाचे आहे. गाद्यांनी भरलेल्या खोलीत आवाज घुमत नाही, हे आपण पाहिलेले असते. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती तंतूंच्या दाटीत शिरली की घासून घासून विरते आणि तिची किंचितशी उष्णता होते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा पट किंवा त्याहूनही जास्त दाबून इतकी तापवतात की डिझेल फवारताच आपोआप पेटते. तो एकदम वाढणारा दाब म्हणजेच डिझेलची ओळखीची टकटक. या चढ्या सुरांच्या आवाजावर पॅड चांगला चालतो, घुमणाऱ्या खालच्या सुरांवर फारसा नाही. शिवाय बॉनेटचा मोठा पत्रा ढोलकीच्या पानासारखा थरथरतो, तीही थरथर पॅडमुळे थोडी दबते. आपल्याकडे गाडीच्या आवाजाला कायद्याची मर्यादा आहे. १ एप्रिल २००५ पासून नऊ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांसाठी ती ७४ डेसिबल ठरली. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्था नव्या मॉडेलची अशी चाचणी घेतात. रस्त्यावर जाणारा आवाज कमी करण्याच्या अनेक उपायांपैकी हा एक. गाडीत बसलेल्याच्या कानावर येणारा आवाज मात्र बॉनेटपेक्षा डॅशबोर्डमागच्या पत्र्यातून जास्त येतो. त्या पत्र्याचे अस्तर वेगळे. ते चुकूनही काढू नये.

पॅडचे दुसरे काम बॉनेटचा रंग सांभाळण्याचे. गाडी बंद केली की पंखा थांबतो, पाणी फिरायचे थांबते, पण तापलेले लोखंड तसेच असते. उष्णता वर चढते. म्हणून घाट चढून आल्यावर उभ्या गाडीचे बॉनेट काही वेळ आणखीच तापते. वर्षानुवर्षे असे झाले तर रंगाची झळाळी लवकर जाते. पॅड तेवढी धग अडवतो.

आता मूळ शंका. पॅडमुळे इंजिन तापते का? ढोबळ हिशोब असा, की इंधनातल्या शक्तीचा साधारण एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश धुराबरोबर जातो आणि उरलेला मुख्यतः रेडिएटरच्या पाण्यातून बाहेर पडतो. बॉनेटच्या पत्र्यातून जाणारी उष्णता या मानाने किरकोळ. त्यातच थर्मोस्टॅट नावाची झडप पाणी साधारण नव्वद अंश सेल्सिअसच्या आसपास राखते. म्हणून धडधाकट गाडीत पॅड काढल्याने काटा खाली येत नाही आणि ठेवल्याने वर जात नाही. कसारा घाटात काटा चढत असेल, तर दोष दुसरीकडे शोधावा. कुलंट कमी आहे का, रेडिएटरच्या जाळीत धूळ-किडे अडकलेत का, पंख्याचा पट्टा सैल आहे का, पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट ठीक आहेत का. २०२५ च्या जूनपासून समृद्धी महामार्गाने कसारा घाट टाळता येतो, पण आजारी रेडिएटर कुठल्याही रस्त्यावर आजारीच. पॅड काढून समाधान मानले तर खरा रोग मात्र लपून राहतो.

भाच्याला मी हे सांगितले आणि पॅड ठेवायचे ठरत आले. तेवढ्यात द्वारकेजवळच्या एका कारागिराने बॉनेट उघडून पॅडवर नुसता अंगठा दाबला. अंगठा ओला झाला, डिझेलचा वास आला. डिझेलच्या एका बारीक नळीतून तुषार उडत होते आणि पॅड ते महिनोन्महिने पीत होता. तो म्हणाला, “हा आधी उतरवा, बाकीचं नंतर बोलू.”

त्याचे बरोबर होते. डिझेल उघड्या भांड्यात पेट्रोलइतक्या झटकन पेटत नाही. पण समईत नुसत्या तेलाला काडी लावून पाहा आणि मग वातीला लावून पाहा. तेल वातीत चढले की लगेच ज्योत धरते. तेल प्यायलेला पॅड म्हणजे बॉनेटएवढी वात. काचतंतू स्वतः जळत नाही, समईची वात जळते, फरक एवढाच. पेटायचे ते तेलच. खाली धुराड्याचा पाइप आणि टर्बो घाटात कित्येकशे अंशांपर्यंत तापतात. अशा पॅडचा एक कोपरा क्लिप तुटून खाली लोंबला, तर काय होईल ते सांगायला नको. मागे आठ-दहा माणसे बसलेली असतात.

तेव्हा हिशोब असा मांडावा. पॅड कोरडा, स्वच्छ आणि सगळ्या क्लिपांनी घट्ट बसलेला असेल तर ठेवावा. डिझेल किंवा ऑइल पिलेला, फाटलेला, लोंबणारा असेल तर त्याच दिवशी काढावा आणि आधी गळती बंद करावी. गळती तशीच ठेवून नवा पॅड लावणे म्हणजे नवी वात भरणे. उंदरांनी कुरतडून घर केले असेल तर पॅड काढताना खालच्या वायरींचे आवरणही तपासावे, कारण सोललेली वायर हे आगीचे दुसरे कारण आहे. काचतंतूचा जुना पॅड काढताना हातमोजे घालावेत, नाक-तोंड झाकावे. त्याची कुसे त्वचेला खाजवतात. गाडी धुताना पॅडवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये. भिजलेला पॅड दिवसेंदिवस ओला राहतो आणि पत्र्याला गंज धरतो.

नवा घेताना त्याच मॉडेलसाठी बनवलेला घ्यावा. थर्मोकोल, गादीचा स्पंज, गोणपाट असले काही चिकटवू नये. ते वितळते किंवा पेटते. आणि नव्याला पैसे नसतील तर? तर पॅडशिवाय गाडी बिनदिक्कत चालवावी. आवाज थोडा वाढेल, रंग थोडा लवकर उतरेल, इंजिनाला धोका नाही. भाच्याची जीप नवी नळी बसवून दोन महिने तशीच चालली, मग हप्ता भरून उरलेल्या पैशांत पॅड आला.

आज रविवार आहे, गाडी बहुधा उभीच असेल. इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा, एक पांढरे फडके घ्या आणि पॅडवर चार ठिकाणी दाबून पाहा. फडके कोरडे निघाले तर बॉनेट लावून चहाला जा. डाग आला तर उद्या सकाळी प्रवासी भरण्याआधी गॅरेज गाठा.